पावसाळ्याची बेगमी गच्चीवरून: हळद, मिरची, टोमॅटो लावण्यापासून बरणीत जाईपर्यंत

ठाणे-नवी मुंबईत गच्चीवर किंवा गॅलरीत भाजी पिकवणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते पिकलेलं टिकवणं. मुंबई परिसरात पाऊस सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. मधले चार महिने हवेत इतकी ओल असते की तळलेला पापड ताटात वाढेपर्यंत सादळतो. म्हणून घाटावरचं लागवडीचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं उचलू नये. आपल्याकडे साठवण कधी करायची ते आधी ठरवायचं आणि तिथून उलट मोजत बी टाकायची तारीख काढायची. वाळवायचं पीक डिसेंबर ते मे यांच्या दरम्यान हातात आलं पाहिजे. पावसाळ्यात जे येईल ते ताजं खायचं, नाहीतर मिठात किंवा फ्रीझरमध्ये टाकायचं.

या हिशेबात चांगली बसणारी पिकं तीन: हळद, मिरची आणि टोमॅटो. वाल, मेथी, कढीपत्ता ही जोडीला. कांदा-लसूण गच्चीवर लावून वर्षाची साठवण करण्याच्या भानगडीत पडू नये. जागा अडते आणि हाती मूठभर येतं.

आधी स्लॅबचा विचार

१५ इंच बाय १५ इंचाची ग्रो बॅग भरून भिजली की सहज ४० किलोंची होते. अशा वीस बॅगा गच्चीच्या मधोमध मांडणं म्हणजे स्लॅबवर कायमचं ८०० किलो वजन. बॅगा कडेने, खालच्या बीमच्या रेषेत ठेवाव्यात, प्रत्येकीखाली दोन विटा द्याव्यात आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली नेणारा पाइप जिथे सुरू होतो ती जागा मोकळी सोडावी. सोसायटीची लेखी परवानगी आधीच घेतलेली बरी. खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली की पहिलं बोट कुंड्यांकडेच जातं, मग कारण काहीही असो.

माती हलकी हवी. लाल माती ३ भाग, गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत ३ भाग, धुतलेलं कोकोपीट ३ भाग आणि भाताचं तूस १ भाग. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी दोनदा फेकून द्यायचं, कारण त्यात क्षार असतात आणि कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. शेणखत कच्चं असेल तर त्याबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. मूठ दाबून उघडल्यावर खताला मातीसारखा वास आला तर घ्या, शेणासारखा आला तर आणखी दोन महिने थांबा. प्रत्येक बॅगेत ५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा.

हळद

गॅलरीत चार-पाच तास ऊन येत असेल तरी हळद येते, म्हणून पूर्वेकडच्या घरांना हे पीक सगळ्यात सोयीचं. बियाण्यासाठी वाण्याकडचं हळकुंड आणू नये. ते उकडून वाळवलेलं असतं, त्याला कोंब फुटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत भाजीबाजारात ओली हळद येते. तिच्यातले जाड, घट्ट, डोळे दिसणारे कंद निवडून कोरड्या वाळूत सावलीत ठेवायचे. सेलम आणि राजापुरी या दोन्ही जाती इथे चालतात.

मेच्या सुरुवातीला ३० ते ४० ग्रॅमचे, निदान दोन डोळे असलेले तुकडे करून ओलसर कोकोपीटमध्ये दडपून ठेवावेत. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतात. मेच्या अखेरीस १५ इंची बॅगेत दोन तुकडे, डोळा वर करून, ५ सेंटीमीटर खोल लावायचे. बॅग दोन तृतीयांशच भरायची. उरलेली जागा ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये भर देण्यासाठी ठेवायची. नवे कंद वरच्या अंगाला सुटतात. ते उघडे पडले की हिरवे होतात आणि पोसत नाहीत. जून ते ऑक्टोबर दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत पुरतं.

जुलैत हळदीचा घात करते ती कंदकुज. लक्षणं ठरलेली: खालची पानं कडेकडून पिवळी पडतात, खोडाचं बूड पिळपिळीत होतं आणि कोंब नुसता ओढला तरी हातात येतो, घाण वास मारत. बॅगेत पाणी साचलं की ही बुरशी फोफावते. तळाला आठ-दहा भोकं असतातच, पण बॅग जमिनीवर टेकली की ती बुजतात. म्हणून खाली विटा हव्यात, आणि तळापासून दोन सेंटीमीटरवर बाजूलाही चार भोकं पाडावीत. लावताना बॅगेमागे १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, पूड मिळते) खतात कालवून घातला तर धोका बराच कमी होतो. लागण झालेली बॅग मातीसकट बाजूला काढा आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. आल्याला तर अजिबात नको, त्यालाही हाच रोग लागतो.

नागपंचमीला आणि गौरीला पातोळ्यांसाठी पानं लागतात, ती जरूर काढावीत. मात्र एका खोडाची बाहेरची एक-दोन पानंच घ्यायची. कंद पोसण्याचे खरे महिने पुढेच असतात आणि पानं गेली तर कंद पोसणार कशावर!

डिसेंबरपासून पाणी कमी करत जायचं. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून माना टाकतात. मग पंधरा दिवस पाणी बंद करून वाळलेली पानं मातीलगत कापायची, आठवड्याने बॅग आडवी करून माती मोकळी करायची. कुदळीने खणू नये, कंद कापला जातो आणि कापलेला कंद लवकर सडतो. नीट वाढलेल्या बॅगेतून एक-दीड किलो ओली हळद निघते. मधला जाड जेठा गड्डा आणि बाजूची हळकुंडं वेगळी करा. गड्डे पुढच्या वर्षीच्या बियाण्याला, हळकुंडं साठवणीला.

हळदपूड करायची तर आधी उकडायलाच हवं. उकडल्याने रंग कंदभर सारखा पसरतो, कच्चट वास जातो आणि वाळायला निम्माही वेळ लागत नाही. साफ धुतलेली हळकुंडं पातेल्यात, वर दोन बोटं पाणी राहील इतकी घेऊन ४५ मिनिटं ते तासभर उकळायची. फेस येतो, हळदीचा वास घरभर सुटतो. मग काडेपेटीतली काडी बोथट बाजूने टोचून बघायची. सहज आत गेली की गॅस बंद. कुकर लावला की मधे बघता येत नाही आणि दोन शिट्ट्यांत हळदीचा लगदा होतो. जास्त शिजलेली हळद मळकट दिसते. कमी शिजलेली वाळल्यावर मोडली तर आतून फिकट, पिठूळ निघते.

अख्खी हळकुंडं वाळायला १० ते १५ दिवस कडक ऊन लागतं, आणि वाळलेलं हळकुंड घरच्या मिक्सरच्या पात्याचं वाटोळं करतं. दोन-तीन किलोंच्या घरगुती मापाला यापेक्षा सोपा उपाय आहे. उकडल्यावर गार करून ३-४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. त्या चार-पाच दिवसांत वाळतात आणि मिक्सरवर बिनबोभाट पूड होते. चकती वाकली तर अजून ओल आहे. कट्कन मोडली पाहिजे. किलोभर ओल्या हळदीची साधारण २०० ग्रॅम पूड होते. आकडा ऐकून हिरमुसायला होतं, पण वाटीभर भाजीला त्या पुडीची चिमूटच पुरते. कापताना हातमोजे घाला, ओट्यावर जुना कागद पसरा. संगमरवरावर पडलेला डाग जाता जात नाही.

थोडी ओली हळद लोणच्याला राखून ठेवावी. अर्धा किलो हळद आणि १०० ग्रॅम आलं सोलून, किसून किंवा बारीक काड्या करून, कापडावर दोन-तीन तास पसरा. त्यात ८० ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम मोहरीची डाळ आणि २०० मिलिलीटर लिंबाचा रस (रसदार आठ-दहा लिंबं लागतात) कालवून, वर पूर्ण गार झालेली १०० मिलिलीटर तेलाची हिंग-मेथीची फोडणी. फ्रीजमध्ये दोन-तीन महिने छान राहतं. यात मीठ बेताचं असल्याने बाहेर ठेवायचं नाही.

मिरची

हिरव्या मिरच्या हव्यात तर बी मेमध्ये टाकलं तरी चालतं. वाळवून तिखट करायचं असेल तर मात्र सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. रोपं ३५-४० दिवसांची झाली की नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ इंची कुंडीत एकेक लावायची. जानेवारीपासून तोडे सुरू होतात आणि मार्चपर्यंत लाल मिरची मिळत राहते, म्हणजे नेमकी वाळवणाच्या हंगामात. पुसा ज्वाला आणि फुले ज्योती या जाती सहज मिळतात. सहा तास सरळ ऊन मात्र लागतंच. ग्रिलमध्ये ठेवलेली, दोन तास ऊन मिळणारी मिरची उंच वाढते, फुलते आणि फुलं गाळते.

पानं आक्रसली की सगळेच ‘बोकड्या आला’ म्हणतात आणि हाताला येईल ते मारतात. आधी पान नीट बघा. पान वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान लांबट, अरुंद झालं असेल तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी सूक्ष्म कीड. शेंड्याखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारल्या की फुलकिडे बारीक पिवळसर रेघोट्यांसारखे चालताना दिसतात. कोळी इतके बारीक असतात की भिंगाशिवाय दिसणार नाहीत.

फुलकिड्यांना लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलिलीटर कडुनिंबाचं तेल आणि १ मिलिलीटर भांडी घासायचा द्रव साबण, नीट घुसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. दर सात दिवसांनी तीनदा. शेजारी निळा चिकट सापळा टांगा. कोळ्यांना पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. तेल फवारल्यावर दोन आठवडे गंधक नको आणि भर उन्हात तर मुळीच नको. दोन्हीत पानं जळतात. पानं पिवळी-हिरवी चट्ट्यांची होऊन अख्खं झाड खुरटलं असेल तर तो विषाणू आहे. त्याला औषध नाही. पांढरी माशी तो शेजारच्या झाडांवर नेण्याआधी झाड उपटून पिशवीत बांधून टाका.

झाड हिरवंगार, पानं मोठाली आणि मिरची नाही, असं झालं की समजावं नत्र जास्त झालं. शेणखत थांबवून महिनाभर फक्त मूठभर लाकडाची राख आणि पाणी द्या. नीट वाढलेलं झाड मोसमात अर्धा ते एक किलो ओली मिरची देतं.

वाळवायची मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावी, टोकाशी किंचित सुरकुतली की देठासकट तोडावी. देठ काढलेल्या मिरचीत बुरशी तिथूनच शिरते. तोडलेल्या मिरच्या एक दिवस सावलीत ढिगाने ठेवल्या की अर्धवट रंगलेल्याही लाल होतात. मग एका थराने उन्हात. संध्याकाळी पाच वाजता आत घ्यायच्या, यात आळस करू नये. जानेवारी-फेब्रुवारीत येऊरच्या पायथ्याला आणि खाडीकाठी पहाटे दव पडतं. रात्रभर बाहेर राहिलेल्या मिरच्यांवर पांढुरके चट्टे येतात. ८ ते १२ दिवसांत देठ मोडताना आवाज येतो आणि मिरची हलवली की आत बिया खुळखुळतात. किलोभर लाल मिरचीची पाव किलोच्या वर थोडी वाळकी मिरची होते.

एप्रिल-मेमध्ये आगरी-कोळी मसाल्याचा मोसम सुरू झाला की डंकांवर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरण्यांवर रांगा लागतात. घरच्या अर्धा किलो मिरचीसाठी डंक चालवणं परवडत नाही, म्हणून बाजारातली बेडगी आणून तिच्यात घरची तिखट ज्वाला मिसळावी. रंग बेडगीचा, झणका घरचा.

जाड, पोपटी, कमी तिखट मिरची आली तर सांडगी मिरची करा. एक किलो मिरचीला ८० ग्रॅम धणे, २० ग्रॅम मेथी, ५ ग्रॅम हिंग, १० ग्रॅम हळद आणि १०० ग्रॅम मीठ. धणे-मेथी कोरडं भाजून भरड वाटायची, आंबट दह्यात मसाला घट्ट कालवायचा. मिरचीला एका बाजूने चीर देऊन मसाला भरायचा आणि पहिले दोन दिवस चीर वर ठेवून वाळवायची, नाहीतर सगळा मसाला ताटातच राहतो. पाच-सहा दिवसांत तयार होते.

वाळवणाची जागा

गच्चीच्या डांबरी किंवा रंगवलेल्या वॉटरप्रूफिंगवर काहीही थेट पसरू नये. तापल्यावर त्याचा वास पदार्थात उतरतो. खाट, पालथी क्रेट किंवा दोन खुर्च्यांवर टाकलेली जाळीची चौकट वापरा म्हणजे खालूनही वारा लागतो. घोडबंदर रोडला धूळ आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातही आहे, आणि कबुतरं तर सगळीकडेच आहेत. वरून मलमल हवीच, आणि ती पदार्थाला टेकू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार पेले ठेवा.

कढीपत्ता आणि मेथी मात्र उन्हात घालू नये, रंग आणि वास दोन्ही उडतात. घरात पंख्याखाली कागदावर तीन-चार दिवस पुरतात.

वाळलं असं वाटलं तरी लगेच बरणी बंद करून माळ्यावर टाकू नका. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर नजरेसमोर ठेवा, रोज एकदा हलवा. काचेला आतून वाफ धरली किंवा तुकडे एकमेकांना चिकटले तर पुन्हा उन्हात. मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी ही चाचणी उरकलेली असली म्हणजे चुकलेलं सुधारायला ऊन शिल्लक असतं.

टोमॅटो, आणि बाटलीबंद करण्याचा मोह

सप्टेंबरअखेर बी, ऑक्टोबरअखेर रोप, जानेवारी ते मार्च फळ. रात्री उबदार राहिल्या की फळधारणा घटते, म्हणून उन्हाळ्यात लावलेला टोमॅटो नुसता वाढतो. फळाचं बूड काळं पडून खोलगट झालं तर तो रोग नाही. चुनखडीचा अंश फळापर्यंत पोहोचत नाही आणि बहुतेकदा त्याचं कारण एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी हेच असतं. पाणी रोज ठरल्या वेळी, ठरल्या मापाने द्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. पुढची फळं नीट येतात.

एकदम तीन-चार किलो आले तर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सालं काढा, वाटून निम्मे होईपर्यंत आटवा, गार करून झिपच्या पिशवीत २०० ग्रॅमचे चपटे थर करून फ्रीझरमध्ये ठेवा. एका भाजीला एक पिशवी. सहा महिने राहतं.

बाहेर ठेवायच्या बाटल्या घरी करू नयेत, असं आमचं मत आहे. टोमॅटोचा आंबटपणा जातीप्रमाणे बदलतो आणि आंबटपणा कमी पडला तर बंद बाटलीत, हवेविना वाढणारे जिवाणू विष तयार करतात. ते नाकाला कळत नाही, जिभेलाही कळत नाही. हीच गोष्ट पाण्यात किंवा तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या घेवडा, मका, लसूण यांची. तेलातला कच्चा लसूण फ्रीजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

पावसाळ्यातलं पीक

दोडका, पडवळ, काकडीचं बी जूनच्या सुरुवातीला. सततच्या पावसात मधमाशा फिरकत नाहीत, मग काकडी-दोडक्याची पिटुकली फळं पिवळी पडून गळतात. काकडीचं सकाळी आणि दोडक्याचं संध्याकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या तोंडावर फिरवावं. मादी फुलामागे छोटं फळ असतं. फळमाशीला क्यू ल्यूरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावा आणि डंख झालेली फळं मातीत टाकू नका.

फ्रीझरमध्ये ठेवायची भाजी आधी उकळत्या पाण्यातून काढावी लागते, नाहीतर महिन्याभरात तिला गवताचा वास येतो. कोवळी भेंडी ३ मिनिटं, घेवडा ३, पालक २. तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवून कापडावर टिपायची आणि मग पिशवीत.

पावसाळी मिरचीला खारातच घालणं बरं. अर्धा किलो मिरच्या पुसून कोरड्या करा, टोकाला चीर द्या. लिटरभर पाणी १०० ग्रॅम जाडं मीठ घालून उकळून पूर्ण गार करा, चार लिंबांचा रस घाला, मिरच्या बुडवा आणि वर छोटी वाटी पालथी दाबा. पाण्याबाहेर डोकावणारी मिरची आधी बुरसटते आणि मग सगळी बरणी नासवते. तीन दिवस बाहेर, मग फ्रीजमध्ये.

वालाचं बी नोव्हेंबरात टाकलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा वेलावरच वाळतात. सोलून दोन दिवस ऊन द्यायचं, मग हवाबंद पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये. आत लपलेली सोंड्याची अंडी मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटतं.

बरणी

बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात तापवा. लोणच्यासाठी असेल तर निखाऱ्यावर हिंगाची चिमूट टाकून तिच्यावर बरणी पालथी धरा. तिखटाच्या बरणीत तळाला आणि मधे हिंगाचे खडे ठेवा.

बुरशी आली तर काय टाकायचं यावर घरोघरी वाद होतात. वाळलेल्या मिरचीत किंवा हळदीत बुरशी दिसली तर त्या बरणीतलं सगळं टाका. काही बुरश्यांचं विष भाजून किंवा फोडणीत तळून जात नाही. संशय आला तर दोन-चार मिरच्या मधोमध मोडून बघा, बाहेरून तांबड्यालाल मिरचीतही बियांभोवती करडी पूड असू शकते. खारातल्या मिरचीवर नुसती पांढरी पातळ साय आली आणि मिरची कडक, वास आंबट असेल तर साय काढून मिठाचं पाणी नवं घालावं. काळी, हिरवी किंवा केसाळ बुरशी असेल तर बरणी रिकामी करा.

जून ते सप्टेंबर मोठी बरणी पुन्हा पुन्हा उघडू नये. आठवड्याला पुरेल एवढं तिखट आणि हळद छोट्या डब्यात काढून घ्यायची, तीही सकाळी पावसाची सर नसताना, कोरड्या चमच्याने. वाफाळत्या कढईवर डबा धरून तिखट घालायची सवय असेल तर ती मोडावी. डब्यात गाठी होतात त्या बहुतेकदा त्या वाफेनेच.